मोडीच्या गठ्ठ्यांपासून घरच्या वाय-फायपर्यंत : गुप्तता नेमकी कशात असते?

१. प्रस्तावना

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी लिपीतील कागदांचे गठ्ठेही जपून ठेवलेले आहेत. भोसले राजांच्या दरबाराचे रोजचे कामकाज त्यांत आहे. यातला एखादा कागद आज तुमच्या हाती दिला, तर तुमची मातृभाषा मराठी असली तरी बहुधा त्यातली एक ओळही तुम्हाला लागणार नाही. मग हा कागद गुप्त आहे असे म्हणायचे का?

या प्रश्नाचे उत्तर घरच्या वाय-फायच्या सुरक्षिततेचा इतिहास समजायला उपयोगी पडते. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत हा विषय सूचनांच्या यादीच्या रूपात येतो: पासवर्ड बदला, अमुक बंद करा, तमुक चालू करा. त्या सूचना कुठून आल्या, कोणती चूक घडल्यावर आल्या आणि घरच्या जोडणीची जबाबदारी घरमालकावर कशी येऊन पडली, हे इतिहास सांगतो.

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:
- ‘लपवणे’ आणि ‘कुलूप लावणे’ यांतील फरक.
- वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ हा क्रम आणि त्यामागची कारणे.
- २००८ सालच्या घटनांनी भारतात घरगुती वाय-फायकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली.

२. तंजावरचे मोडी कागद: न कळणे म्हणजे गुप्त असणे नव्हे

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरची सत्ता हाती घेतली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला व त्याचा परिसर उरला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले आणि तेही संपले. या सर्व काळात दरबारचे मराठी दप्तर मोडीत लिहिले जात होते.

मोडी ही गुप्त लिपी असल्याचा समज अधूनमधून ऐकू येतो. तो बरोबर नाही. मोडी ही झरझर लिहिण्यासाठी वापरात असलेली व्यवहाराची लिपी होती. हात फारसा न उचलता लिहिता यावे म्हणून तिची अक्षरे वळणदार झाली. ज्याने ती शिकली त्याला ती वाचता येई, आणि शिकलेले लोक दरबाराबाहेरही पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात मराठी भाषक कारकून आणि शिरस्तेदार मोठ्या संख्येने होते. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव हे कुंभकोणमला जन्मलेले, याच तंजावरी मराठी समाजातले. म्हणजे कंपनीला तंजावर दरबारचा कागद वाचून घ्यायचा असेल, तर वाचणारा माणूस तिच्याच कचेरीत बसलेला होता.

आज मोडी वाचणारे कमी झाले म्हणून ते कागद आपल्याला बंद वाटतात. तरीही तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. शिकण्याची तयारी असलेल्या कोणालाही जे उघडता येते, ते कुलूपबंद नसते.

हीच गोष्ट १८८३ मध्ये ऑग्युस्त केरखॉफ या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने फ्रेंच लष्करी नियतकालिकातील लेखात तत्त्व म्हणून मांडली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता आली पाहिजे. कुलूप कसे बनते हे गावातल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक असले तरी तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्याचकडे असते, तसे हे आहे. पुढचा सगळा इतिहास हे तत्त्व मनाशी धरून वाचा.

३. हवेतल्या लहरी आणि परवाना

बिनतारी संदेश भिंतीला जुमानत नाही. म्हणूनच राज्यसंस्थेने पहिल्यापासून त्यावर लक्ष ठेवले. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा सरकारच्या अखत्यारीत आणली. १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने बिनतारी उपकरण विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. १९३९ मध्ये तिरुचिरापल्लीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा शेजारच्या तंजावरात ते ऐकायचे तर घरच्या रेडिओलाही परवाना लागे. नुसते ऐकायलासुद्धा परवानगी हवी होती, आणि वाय-फायचा राउटर तर ऐकतोही आणि बोलतोही.

अमेरिकेने १९८५ मध्ये काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. त्यातूनच पुढे वाय-फाय जन्माला आले. त्याचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले, आणि १९९९ च्या सुधारित आवृत्तीनंतर ते घराघरांत पोहोचू लागले. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. सात दशके ज्या लहरींवर सरकारी शिक्का होता, त्यांतला एक पट्टा सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आला.

परवाना गेला, पण लहर भिंतीपलीकडे जाते हे वास्तव तसेच राहिले. तंजावरच्या जुन्या राजवीथींसारख्या रस्त्यांवर, जिथे घराला घर लागून असते, तिथे एका घरचा राउटर शेजारच्या दोन-तीन घरांत आणि समोरच्या फुटपाथवर सहज पोहोचतो. पूर्वी अशा रस्त्यावर शेजाऱ्याचा रेडिओ ऐकू आला तर त्यात कोणाचे नुकसान नव्हते. शेजाऱ्याच्या राउटरवरून कोणी परका बोलू लागला, तर मात्र ते बोलणे शेजाऱ्याच्या नावावर जमा होते.

४. पहिले कुलूप: वेप

१९९७ च्या मानकातच ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’, म्हणजे वेप, ही सोय होती. तारेच्या जोडणीत जेवढी खासगी सुरक्षितता असते तेवढी बिनतारी जोडणीतही मिळावी, हा उद्देश नावातच आहे. तो साधला गेला नाही. कारणे तीन होती.

पहिले कारण राजकीय. नव्वदच्या दशकात अमेरिकेत जोरकस एन्क्रिप्शन परदेशी विकण्यावर निर्यातबंधने होती. ती २००० मध्ये बरीच सैल झाली. तोपर्यंत वेपची किल्ली अवघी ४० बिटांची ठेवली गेली होती. पुढे ती १०४ बिटांची करण्यात आली, पण दोष किल्लीच्या लांबीपुरता नव्हता.

दुसरे कारण रचनेचे. वेपमध्ये प्रत्येक संदेशाबरोबर २४ बिटांची एक संख्या जोडलेली असते, म्हणजे १,६७,७७,२१६ वेगवेगळ्या संख्या शक्य असतात. आकडा मोठा वाटतो. पण वर्दळीच्या जोडणीवर एवढे संदेश काही तासांत जाऊ शकतात, आणि मग त्याच संख्या पुन्हा वापरात येतात. एकाच साच्याने झाकलेले दोन संदेश शेजारी ठेवले की साचा उघडा पडू लागतो.

तिसरे कारण आपल्या विषयाच्या गाभ्याचे. वेपमध्ये आरसी-४ ही पद्धत वापरली होती. रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये रचलेली ही पद्धत १९९४ मध्ये बाहेर फुटेपर्यंत व्यापारी गुपित होती. वेपचा आराखडाही मानक ठरण्याआधी गुप्तलेखनाच्या तज्ज्ञांपुढे मोकळेपणाने तपासायला ठेवला गेला नव्हता. तो तपास नंतर झाला आणि निकाल लगेच लागला. २००१ मध्ये बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी वेपच्या रचनेतले दोष दाखवले. त्याच वर्षी फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी नुसते संदेश गोळा करून किल्ली कशी शोधता येते ते सिद्ध केले. २००७ मध्ये जर्मनीतील तिघा संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटाच्या आत काढता येते हे दाखवून दिले.

याची किंमत मोजावी लागली. जानेवारी २००७ मध्ये टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्याकडील माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले. चोरांनी सुरुवात एका दुकानाच्या वेपने राखलेल्या वाय-फायवरून केली होती, आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक त्यांच्या हाती लागले होते. कुलूप होते, लावलेलेही होते. ते कुलूप निकामी असल्याचे मात्र सहा वर्षे आधीच छापून आले होते.

५. २००८: पत्ता घराचा, माणूस दुसराच

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. ५६ जणांचा जीव गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. तपास यंत्रणांनी त्याचा आयपी पत्ता शोधला, तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेचा निघाला. तिथे भाड्याने राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरले होते. ऑगस्टमध्ये असाच एक मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेला होता.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून इथे थांबा आणि पुराव्याचा विचार करा. कागदावरच्या शिक्क्यावरून तो कोणाच्या कचेरीतून निघाला हे कळते. लिहिणारा हात कोणाचा हे त्यावरून कळेलच असे नाही. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. तो जोडणी कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, ती कोण वापरत होते ते सांगत नाही. पण तपास सुरू होतो तो त्या पत्त्यापासूनच. पहिली थाप पडते ती राउटरच्या मालकाच्या दारावर. त्याचा संगणक जप्त होतो, शेजारी कुजबुजतात, आणि आपण तो मेल पाठवलेला नाही हे त्याला पटवून द्यावे लागते.

या घटनांनंतर धोरण बदलले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना, वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय जोडणी मिळू नये अशा आशयाच्या सूचना दिल्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तिच्यातील कलम ६६-क ने दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे, तर कलम ६६-फ ने सायबर दहशतवाद हे गुन्हे ठरवले.

या धोरणाची मर्यादाही ध्यानात घ्या. मोहिमेचा रोख उघड्या जोडण्यांवर होता, म्हणजे पासवर्ड आहे की नाही हे पाहण्यावर. पण २००८ मध्ये अनेक राउटरांवर वेपच चालू होते, आणि ते उघडायला एक मिनिट पुरत होते. पासवर्ड असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संशोधकांनी आधीच सांगितले होते. सामान्य घरापर्यंत ते पोहोचले नव्हते. सदोष कुलूप विकणारे नामानिराळे राहिले आणि जबाबदारी ज्याच्या दारावर ते लावलेले होते त्याच्याकडे आली.

६. नवी कुलपे आणि त्यांचे इतिहास

वेपच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले. जुनी उपकरणे फेकून न देता चालावीत म्हणून केलेली ती तात्पुरती डागडुजी होती. खरा बदल २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ने झाला. मार्च २००६ पासून प्रमाणपत्र हवे असलेल्या प्रत्येक वाय-फाय उपकरणाला ते अनिवार्य झाले.

डब्ल्यूपीए-२ मधील एईएस ही पद्धत कशी निवडली गेली ते पाहा. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले. १५ प्रस्ताव छाननीस पात्र ठरले. ते सर्व प्रसिद्ध केले गेले आणि तज्ज्ञांना ते मोडून दाखवण्याचे आवाहन झाले. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत टिकली आणि २००१ मध्ये मानक झाली. तिचा प्रत्येक टप्पा आज कोणालाही वाचता येतो. केरखॉफच्या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

चांगल्या कुलपाच्या शेजारी खिडकी उघडी राहिली तर मात्र उपयोग नसतो. पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वाचावा म्हणून २००७ मध्ये डब्ल्यूपीएस ही आठ अंकी पिनची सोय आली. आठ अंकांचे १० कोटी पर्याय होतात. पण राउटर हा पिन दोन भागांत तपासत असे आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरत असे. त्यामुळे पहिल्या भागाचे १०,००० आणि दुसऱ्याचे १,००० असे ११,००० प्रयत्नच पुरत. २०११ च्या अखेरीस हे जाहीर झाले. २०१७ मध्ये बेल्जियममधील मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ‘क्रॅक’ हा डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनातील दोष दाखवला. तो सॉफ्टवेअर अद्ययावत करून दुरुस्त करता आला. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. त्यातही २०१९ मध्ये काही उणिवा सापडल्या आणि त्या दुरुस्त झाल्या. दोष सापडणे आणि दुरुस्त होणे हा क्रम या इतिहासात नेहमीचा आहे. खरी काळजी ज्या कुलपाला कोणी तपासतच नाही त्याची करायची.

७. तुमच्या घरी: किल्ली कशी असावी?

डब्ल्यूपीए-२ मध्ये कोणी तुमच्या फोनची आणि राउटरची सुरुवातीची देवाणघेवाण टिपून ठेवली, तर तो आपल्या घरी निवांत बसून पासवर्डचे अंदाज करू शकतो. सेकंदाला १ लाख अंदाज धरून हिशेब करू.

- आठ अंकी संख्या, उदाहरणार्थ जन्मतारीख: १० कोटी पर्याय, सुमारे १७ मिनिटे. जन्मतारखा प्रत्यक्षात याहून फारच थोड्या असतात.
- दहा अंकी मोबाइल क्रमांक: पहिला अंक ६ ते ९ धरून ४०० कोटी पर्याय, सुमारे ११ तास.
- ४,००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले चार शब्द: सुमारे ८१ वर्षे. पाच शब्द घेतले तर ३ लाख वर्षांहून अधिक.

इथे मोडीचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. तंजावरच्या मराठी घरात बोलला जाणारा, पुण्या-मुंबईकडे सहसा ऐकू न येणारा एखादा शब्द पासवर्ड म्हणून ठेवला, तर तो कोणाला सुचणार नाही असे वाटते. पण तो शब्द शेजाऱ्याला, पाहुण्याला, सोयऱ्याला ठाऊक असतो, आणि यंत्र तर कोणत्याही भाषेचे कोश भराभर चाळते. अनोळखी शब्द ही किल्ली नव्हे. किल्लीचे बळ निवड किती पर्यायांतून आणि किती यदृच्छेने झाली यात असते.

नेटवर्कचे नाव लपवण्याचेही तसेच. उपकरण जोडले जाताना ते नाव हवेत उमटतेच, आणि लपलेले नाव शोधणारा तुमचा फोन ते बाहेरही पुकारत फिरतो. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याची यादीही फार भक्कम नाही, कारण उपकरणांचे पत्ते हवेत उघडेच दिसतात आणि त्यांची नक्कल करता येते. हे दोन्ही उपाय लपवण्याच्या जातीचे आहेत, कुलपाच्या नव्हेत.

मग करायचे काय? इतिहासाने दिलेली कारणे आता तुम्हाला ठाऊक असल्याने यादी छोटी आहे.

- डब्ल्यूपीए-३ निवडा. जुनी उपकरणे असतील तर एईएससह डब्ल्यूपीए-२. फक्त वेप जाणणारा राउटर बदला.
- पासवर्ड चार-पाच यदृच्छ शब्दांचा ठेवा. कारखान्यातून आलेले नेटवर्कचे नाव बदला, कारण डब्ल्यूपीए-२ मध्ये नेहमीच्या नावांसाठी अंदाजांचे तक्ते आधीच तयार करून ठेवता येतात.
- राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. २०१६ मध्ये मिराई या विघातक प्रोग्रामने कारखान्यातले साठेक पासवर्ड वापरून पाहत लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते.
- डब्ल्यूपीएस आणि बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवा. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा.
- पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क द्या. घरात एखादी खोली भाड्याने दिली असेल, तर हे विशेष महत्त्वाचे.

आता बँकेची आणि इतर बहुतेक संकेतस्थळे स्वतःचे वेगळे एन्क्रिप्शन वापरतात, मग वाय-फायची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडू शकेल. तुमचे बोलणे त्यामुळे बऱ्याच अंशी झाकले जाते हे खरे. पण परक्याने तुमच्या जोडणीवरून काही पाठवले, तर पत्ता तुमचाच दिसतो. सानपाड्याच्या घटनेत कोणी कोणाचे पत्र चोरून वाचले नव्हते. तिथे पत्ता वापरला गेला होता.

८. सारांश

मोडीचे कागद लिपी शिकणाऱ्याला नेहमीच खुले होते. वेपची पद्धत पुरेशी तपासली न जाता वापरात आली आणि टिकली नाही. एईएस सर्वांसमोर तपासली गेली म्हणून टिकली. पद्धत उघडी, किल्ली गुप्त आणि बदलता येणारी, हे सूत्र १८८३ पासून कायम आहे. भारतात या सूत्राला २००८ नंतर आणखी एक वास्तव जोडले गेले: घरच्या जोडणीवरून जे जाते त्याचा पहिला जाब घरालाच विचारला जातो.

स्वाध्याय

१. ‘मोडी ही गुप्त लिपी होती’ या विधानाचे तंजावरच्या उदाहरणाच्या आधारे परीक्षण करा.
२. वेप अपयशी ठरण्याची राजकीय आणि तांत्रिक कारणे लिहा.
३. आयपी पत्ता हा पुरावा म्हणून काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करत नाही? ऐतिहासिक कागदपत्रांवरील शिक्क्याशी तुलना करून सांगा.
४. सदोष सुरक्षेची जबाबदारी कोणावर असावी: उपकरण बनवणाऱ्यावर, सेवा देणाऱ्यावर की वापरणाऱ्यावर? २००९ च्या सूचनांच्या संदर्भात तुमचे मत मांडा.
५. स्वतःच्या घरचा राउटर उघडून कोणते मानक चालू आहे ते पाहा. ते कोणत्या वर्षाचे आहे आणि त्यात नंतर कोणते दोष सापडले, हे या घटकाच्या आधारे नोंदवा.